उसन्या औताचा हिशेब

महाराष्ट्रातल्या जुन्या गावाबद्दल बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते. पूर्वी कोणाचेही औत कोणीही मागावे आणि मालकाने ते सोडून द्यावे. आता सख्खा भाऊही फवारणीचा पंप देताना हात आखडतो. या तक्रारीचा पहिला भाग बराचसा खरा आहे आणि दुसराही पुष्कळ अंशी खरा आहे. या दोहोंना जोडणारे कारण मात्र चुकीचे सांगितले जाते. माणसे स्वार्थी झाली, पैशाने मने बिघडवली, एकत्र कुटुंबे मोडली, असे म्हणून विषय मिटवला जातो. माझे म्हणणे असे की औत उसने देण्याची चाल मनाच्या मोठेपणावर कधीच उभी नव्हती. ती दुरुस्तीच्या एका ठरलेल्या व्यवस्थेवर उभी होती. मोडलेले अवजार कोण नीट करणार, आणि त्याचा मोबदला कोण, केव्हा, कशाच्या रूपाने देणार, या प्रश्नाचे उत्तर जोवर गावात पक्के होते तोवर अवजारे या शेतातून त्या शेतात मोकळेपणी गेली. ते उत्तर बदलले आणि उसनवारीची जागा भाड्याने घेतली. हा बदल इंजिनाने घडवला असे वाटते, पण त्याची सुरुवात इंजिनाच्या कितीतरी आधी, लोखंडी नांगराच्या काळात झाली होती.

आधी ही अवजारे कशी होती ते पाहू. दख्खनच्या काळ्या जमिनीतला लाकडी नांगर हे हलके प्रकरण नव्हते. बाभळीच्या जाड खोडातून कोरलेला, टोकाला लोखंडी फाळ बसवलेला तो नांगर ओढायला एक बैलजोडी पुरत नसे. जमीन भारी आणि हराळीने धरलेली असली की तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल पोसण्याची ऐपत गावात थोड्यांचीच. त्यामुळे नांगरट ही बहुतेकांच्या बाबतीत पहिल्यापासूनच भागीची गोष्ट होती. आज माझ्या शेतात तुझी जोडी, उद्या तुझ्या शेतात माझी, या अदलाबदलीला पुणे-नगर-सोलापूरकडे वारंगुळा म्हणत, इतरत्र सावड. इर्जिकीची रीत वेगळी. तिथे एकाचे काम अडले की गावातली औते एका दिवसासाठी त्याच्या रानात उतरत आणि त्या दिवसाचे जेवण तो घाली. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळ्यांमध्ये भातखाचरे बांधण्यासाठी पडकई चाले. या साऱ्यांत माणसाच्या हातांइतकीच अवजारांची आणि बैलांची देवघेव होती, आणि ती सोयरिकीइतकीच बांधाच्या शेजारावर ठरत असे.

पण सगळी अवजारे सारखी दिली जात नव्हती, आणि हा फरक या विषयाचा पहिला धागा हाती देतो. नांगरटीचा काळ लांब असतो. सुगी आटोपल्यापासून वळवाच्या पावसापर्यंत केव्हाही नांगरले तरी चालते. म्हणून नांगर उसना देताना मालकाचे फारसे अडत नसे. पेरणीचे तसे नाही. पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की हातात मोजके दिवस असतात. ते चुकले तर बी वाया जाते किंवा हंगामच मागे पडतो. त्या दिवसांत पाभर किंवा तिफण सगळ्यांना एकाच वेळी हवी असते. म्हणून मालकाची पेर आधी, मग भाऊबंदांची, मग शेजाऱ्याची असा क्रम लागे. तो क्रम मोडला की वर्षानुवर्षांची बोलाचाल बंद होई. कोळपे हलके आणि स्वस्त, ते ज्याचे त्याच्याकडे असे. देण्याची तयारी माणसाच्या स्वभावावर ठरली असती तर उदार माणसाने नांगर आणि पाभर सारख्याच हाताने दिले असते. तसे होत नसे. हंगामाची सवड हा या व्यवहाराचा पहिला नियम होता.

दुसरा नियम झिजेचा, आणि तो अधिक महत्त्वाचा. मागून नेलेले अवजार मोडणारच. नांगराची हळस तडकते, रुमणे निसटते, दगडाला अडून फाळ बोथटतो, कुळवाची पास वाकते, पाभरीचे नळे उखडतात. प्रत्येक मोडीबरोबर मालकाच्या खिशातून पैसा गेला असता तर चार वेळा मागून नेणाऱ्याला पाचव्यांदा त्याने नकार दिला असता. पण तसा पैसा जातच नव्हता. औताचे लाकूडकाम सुताराचे, लोखंडकाम लोहाराचे, आणि दोघांचाही मोबदला वर्षाकाठी खळ्यावर बलुत्याच्या, म्हणजे ठरलेल्या धान्याच्या, रूपाने मिळायचा. बाभळीचे लाकूड कुणब्याने आणून द्यायचे, लोखंड आणि कोळसाही त्यानेच न्यायचा, भात्याला आणि घणाला हात लावायचा. कारागिराच्या मेहनतीचा दर मात्र मोडीवर ठरत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात या कारागिरांचे काम आणि हक्क तपशिलाने आले आहेत. बहुतेक ठिकाणी सुतार आणि लोहार बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत येतात, कारण शेती त्यांच्यावाचून एक दिवसही चालत नसे. आत्रे या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लेखक नव्हते. वतनी धंद्याने कारागिरी कुजते आणि कुणब्यावर बोजा पडतो, असे त्यांनी स्पष्ट मांडले, म्हणून त्यांची साक्ष मला जास्त भरवशाची वाटते.

आता याचा हिशेब मांडून पाहावा. ज्याच्याकडे औत आहे तो सुताराला वर्षाचे ठरलेले धान्य देणारच, औत दोनदा मोडो की दहादा. म्हणजे ते औत शेजाऱ्याला दिल्याने जी जादा मोड होईल तिचा जादा खर्च मालकावर पडत नाही. लाकडाचा एखादा तुकडा मागणारा स्वतः आणून देतो, तोच औत खांद्यावर टाकून सुताराच्या मेटावर, म्हणजे त्याच्या कामाच्या जागी, जातो, आणि सुतार ते नीट करून देतो, कारण गावाचे औत चालते ठेवणे हेच त्याचे काम. देणारा, मागणारा आणि दुरुस्त करणारा हे तिघेही एकाच गावचे, एकाच व्यवस्थेला बांधलेले. उसनवारीत भांडण होते ते नुकसान कोणी भरायचे यावरून. इथे त्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असल्यामुळे भांडणाला जागा उरत नव्हती. देणाऱ्याला उदार होणे स्वस्त पडत होते.

हे खरे असेल तर त्याचा पडताळा मिळायला हवा. जे अवजार बलुत्याच्या दुरुस्तीत बसत नव्हते ते उसने फिरता कामा नये. तो पडताळा मिळतो. नवी बैलगाडी करणे हे बलुत्यात धरले जात नसे. तिचे पैसे सुताराला वेगळे द्यावे लागत, धावा आणि आस यांचे लोखंड विकत घ्यावे लागे. आणि गाडी ही दख्खनच्या गावात फार पूर्वीपासून भाड्याने चालत आली. उन्हाळ्यात भाड्याच्या खेपा करणे हा बागाईत नसलेल्या कुणब्याचा जोडधंदाच होता. लग्नाच्या वऱ्हाडाला भाऊबंद गाडी देत, तो घरचा मान. पण बाजारपेठेची खेप कोणी फुकट करून देत नसे. उसाच्या चरकाचेही तसेच. लाकडी चरकाच्या गुऱ्हाळात चार घरांचे बैल, चार घरांची माणसे एकत्र येत. लोखंडी चरक आला तो कारखान्यातून विकत घेतलेला, आणि त्याबरोबर मोठी काहीलही. दोन्ही भाड्याने मिळू लागली. त्याच गावात, त्याच माणसांत, त्याच पिढीत एक अवजार उसने जात होते आणि दुसरे भाड्याने. माणसांचे स्वभाव वस्तुगणिक बदलत नाहीत. दुरुस्तीची सोय बदलते.

विहिरीकडे पाहिले तर हीच गोष्ट आणखी ठळक होते. वाटण्या झाल्या की जमिनीबरोबर विहिरीचेही हिस्से पडत: कोणाचे चार आणे, कोणाचे आठ आणे, आणि त्या हिशेबाने पाण्याच्या पाळ्या. विहीर, थारोळे, धाव सामायिक. पाळी आली की प्रत्येकाने आपली मोट, आपला नाडा-सोंदूर आणि आपले बैल आणायचे. दगडी बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या टिकते म्हणून त्यात भागी चालते. मोटेचे कातडे दर पाळीला झिजते आणि ते विकत घ्यावे लागते म्हणून मोट ज्याची त्याची. इतकी सूक्ष्म वाटणी करणाऱ्या लोकांना हिशेब कळत नव्हता आणि ते केवळ प्रेमाने व्यवहार करत होते, असे म्हणणे म्हणजे त्यांच्या शहाणपणाचा अपमान आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. कुणब्याला औत देणे स्वस्त पडत होते, पण कोणाच्या जिवावर? वर्षाचे धान्य ठरलेले आणि मोड कितीही, याचा सरळ अर्थ जादा मोडीचे जादा श्रम सुतार-लोहाराने फुकट करायचे. उदारपणा एकाचा आणि घाम दुसऱ्याचा. खळे भरले तर त्याला धान्य मिळे. दुष्काळात त्याचा हक्क सगळ्यांत आधी आटे, आणि तरीही औत नीट करण्यावाचून त्याची सुटका नसे. चामड्याचे काम करणारे, दोर वळणारे आणि गावकीची कामे करणारे महार-मांग यांची अवस्था तर याहून कठीण. त्यांच्या श्रमावर गावाचा हक्क होता, पण गावच्या पाण्यावर, पंगतीवर त्यांचा हक्क नव्हता. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते महार वतनदारांना या वेठीतून सोडवण्यासाठीच. दया पवारांनी 1978 साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दामागचे लाचारीचे जगणे मराठी वाचकांसमोर आले. इर्जिकीच्या जेवणाची आठवण काढणाऱ्यांनी त्या पंगतीत कोण बसत नव्हते हेही आठवले पाहिजे. म्हणून जुनी उसनवारी परत आणा, असे मी म्हणत नाही. ती ज्या पायावर उभी होती तो पाया अन्यायाचा होता आणि तो गेला हे चांगलेच झाले. पण तो पाया होता हे मान्य केल्याशिवाय पुढे काय झाले ते कळणार नाही.

देण्या-घेण्याचा हा पेच काही फक्त दख्खनचा नव्हे, आणि फार जुनाही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मागून आणलेली वस्तू आणि भाड्याने आणलेली वस्तू यांचा विचार एकाच ठिकाणी आहे. जशी घेतली तशी परत करावी. पण काळ-वेळेच्या फेऱ्यात किंवा अचानक आलेल्या संकटात ती नष्ट झाली तर घेणाऱ्यावर भरपाई पडू नये, असा तिथला दंडक. याज्ञवल्क्यस्मृतीने ठेवीचे नियम मागून आणलेल्या वस्तूलाही लावले. 1872 च्या भारतीय करार कायद्याने मात्र फुकट देणे आणि भाड्याने देणे यांत एक रेघ ओढली. वस्तूत दोष असेल आणि देणाऱ्याला तो ठाऊक असेल तर त्याने तो सांगितलाच पाहिजे. पण वस्तू भाड्याने दिली असेल तर दोष ठाऊक नसला तरी जबाबदारी त्याचीच, असे कलम 150 सांगते. ठरल्यापेक्षा वेगळ्या कामाला वापरून नुकसान झाले तर ते घेणाऱ्याने भरावे, हे कलम 154. फुकट दिलेली वस्तू मालक केव्हाही परत मागू शकतो, हे 159. आणि मुदत संपताच किंवा काम होताच, न मागता वस्तू परत करावी, हे 160. हे शेवटचे कलम गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याने स्वतः लिहिले असते इतके त्याच्या मनासारखे आहे. पण कायद्याने दोष, वापर, परतीची वेळ या सगळ्यांचा विचार केला तरी रोजच्या झिजेचा प्रश्न त्याला सोडवता आलेला नाही. शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घेतली असती तेवढी काळजी घेतली आणि तरीही फाळ झिजला, तर तो कोणी पाजवायचा? त्याचे उत्तर कोर्टात नव्हते. ते सुताराच्या मेटावर आणि लोहाराच्या भात्यापाशी होते.

ते उत्तर पहिल्यांदा डळमळले लोखंडी नांगराने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे केली आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर बाजारात आणला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे सुरुवातीला तो कोणी घेईना. 1910 मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि तिथून हा नांगर दख्खनभर पसरला. त्याचे गुण निर्विवाद होते. तो खोल जाई, हराळी उलटून टाकी, लाकडी नांगराला न जुमानणारी जमीन मोकळी करी. पण त्याचा फाळ ओतीव बिडाचा. बीड तापवून ठोकता येत नाही. घणाखाली ते तडकते. गावच्या लोहाराचे सारे कसब घडीव लोखंडाचे, आणि त्याच्या हाती आता असा फाळ आला की ज्याला तो धार लावू शकत नव्हता, जोडूही शकत नव्हता. झिजला की नवा विकत आणायचा, तोही रोख पैशाने. सुताराचे तर या नांगरात कामच फारसे उरले नाही. मुरमाड रानात किती एकर नांगरले की किती झीज, हे आता पैशात मोजता येऊ लागले. शेजारी नांगर मागायला आला की मालकाला पहिल्यांदाच त्या मागणीची किंमत दिसू लागली. कोणी फाळाचे पैसे मागू लागला, कोणी एकरावर नांगरून देऊ लागला. माणूस बदलला नव्हता. गावातल्या दुरुस्तीचे पैसे आता गावाबाहेर जात होते.

याच काळात अवजारांची गरज किती तातडीची होती याचे पुरावे आहेत. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून 1917 साली ती प्रसिद्ध केली. आज पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत हरवलेल्या त्या गावात 156 खातेदारांकडे जमिनीचे 700 हून अधिक तुकडे होते आणि त्यांतले बहुतेक एकराहून लहान. एवढ्याशा तुकड्यावर कोणाला स्वतःचे पुरे औत परवडणार? पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतधारणेवर जो निबंध लिहिला त्यात या प्रश्नाची उलटी बाजू दाखवली. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, ती कसायला हाताशी किती बैल आणि अवजारे आहेत त्यावर ठरते; आणि त्या मापाने पाहिले तर शेतकऱ्याच्या हातची जमीन लहान नसून मोठीच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. हा विचार आजही पुरेसा ओळखला गेला नाही असे मला वाटते. तुकडे जोडण्याच्या योजना पुष्कळ झाल्या. औते पुरवण्याचा, आणि त्याहून अधिक म्हणजे ती चालती ठेवण्याचा प्रश्न मागे राहिला. सरकारने बैल-बियाण्यासाठी तगाई कर्जाचा कायदा 1884 साली केला होता. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे, लागणारी जनावरे, बी जप्तीतून वगळली. म्हणजे अवजार गेले की माणूस गेला हे राज्यकर्त्यांनाही कळत होते. अवजार जप्तीपासून वाचवता आले, पण मोडीपासून वाचवायला कोणताही कायदा पुरा पडत नव्हता.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येतो, कारण त्याची दिशा ठरून गेली होती. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत डिझेल इंजिन आणि मग विजेचा पंप मोटेच्या जागी आला. मळणी यंत्र खळ्यावर आले. कडबाकुट्टी, पॉवर टिलर, ट्रॅक्टर आले. कोकणात गवत कापायचे कटर आले. यांपैकी एकही वस्तू गावच्या मेटावर दुरुस्त होत नाही. नोझल, रिंग, बेअरिंग, बेल्ट, आर्मेचर, सारे तालुक्याच्या दुकानातून, आणि मेकॅनिक कामाला हात लावल्याबरोबर पैसे मागणारा. तसे त्याने मागणेच योग्य आहे. तो कोणाचा बलुतेदार नाही. पण त्यामुळे यंत्र दुसऱ्याला देणे म्हणजे आपला पैसा त्याच्या रानात पेरणे झाले. तरीही जुनी चाल पुरती मेली नाही, तिने रूप बदलले. भाऊबंदांत आणि जवळच्या सोयऱ्यांत आजही सर्रास एक रीत दिसते: ट्रॅक्टर माझा, डिझेल तुझे. परक्याला तासाचा दर, भावाला फक्त डिझेल. ही सवलत मला फार बोलकी वाटते. जळणाचा खर्च डोळ्यांना दिसतो म्हणून तो मागणाऱ्याने भरायचा. झिजेचा खर्च दिसत नाही म्हणून तो नात्यापोटी सोडून द्यायचा. आणि सहा महिन्यांनी रोटाव्हेटरची पाती एकदम बदलायची वेळ आली की नेमके तिथेच नाते तुटते.

यावर कोणी म्हणेल, एवढे खोलात जायला नको. यंत्रे महाग आहेत म्हणून लोक देत नाहीत. हे उत्तर मला पटत नाही. कुणब्याच्या घरात जमिनीखालोखाल महाग वस्तू होती बैलजोडी. एक बैल मेला तर घर कर्जात बुडे. तरी वारंगुळ्यात बैल दिले जात. तेव्हा किंमत हे एकटे कारण नव्हे. उलट फवारणीचा पंप ट्रॅक्टरच्या मानाने किरकोळ किमतीचा, पण तो मागून नेलेला परत आला की नोझल तुंबलेले, वॉशर गेलेला असतो, म्हणून तोच द्यायला लोक जास्त कुरकुरतात. किमतीपेक्षा नादुरुस्तीची धास्ती मोठी.

दुसरा आक्षेप कसबाचा आणि धोक्याचा आहे, त्यात तथ्य अधिक आहे. लाकडी कुळव कोणीही हाकील, पण मळणी यंत्रात अडाण्याचा हात गेला तर तो परत येत नाही. अशा अपघातांमुळेच संसदेला 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. तेव्हा यंत्र देताना मालक बिचकतो तो स्वार्थाने नव्हे, जबाबदारीने. हे मी पूर्ण मान्य करतो. मात्र जुन्या रिवाजात यालाही उत्तर होते. तिफणीवर बी सोडणे हेही कसबाचे काम. चाड्यावर मूठ धरणारा चुकला तर पेर विरळ किंवा दाट होऊन हंगाम जाई. म्हणून तिफण जाताना पुष्कळदा मूठ धरणारा हातही तिच्याबरोबर जाई, बैलांबरोबर मालक जाई. वारंगुळ्यात वस्तू एकटी क्वचितच फिरे, ती जाणत्या माणसासह फिरे. आज ट्रॅक्टरबरोबर चालक येतो तो याच रिवाजाचा वारस. घरातले ड्रिल मशीन किंवा कटर भावाला देताना सोबत अर्धा तास स्वतः गेलेले बरे, हा व्यवहार त्याच परंपरेतला आहे आणि तो पाळण्यासारखा आहे.

उरतो तो झिजेचा प्रश्न. अमेरिकेतल्या बर्कली शहरात 1979 पासून सार्वजनिक ग्रंथालय पुस्तकांप्रमाणे हत्यारेही नागरिकांना फुकट नेऊ देते, विजेवर चालणारीसुद्धा. ते चालले याचे कारण तिथले लोक अधिक सज्जन आहेत हे नव्हे. हत्यारे सांभाळण्याचा आणि नीट करण्याचा खर्च ग्रंथालय करते, देणारा शेजारी करत नाही. आपल्याकडे 2014-15 पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून, आणि पुढे महाराष्ट्रात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून, शेतकरी गटांच्या अवजारे बँका उभ्या राहिल्या. कल्पना उत्तम आहे. एकाला न परवडणारे यंत्र गटाने घ्यावे, पाळीने आणि दराने वापरावे. पण अनुदान मिळते ते खरेदीवर. यंत्र घेताना सरकार पाठीशी असते. तीन हंगामांनंतर गिअरबॉक्स उघडावा लागतो तेव्हा गट एकटा असतो. ज्या गटाने तासाच्या दरातून दुरुस्तीचा वाटा पहिल्या दिवसापासून बाजूला काढला नाही, तिथे यंत्र शेवटी एकाच्या गोठ्यात गंजते आणि गटातले चौघे एकमेकांशी बोलत नाहीत.

म्हणून अवजारे बँक चालवणाऱ्या गटांना, आणि आपसांत यंत्रे देणाऱ्या भाऊबंदांनाही, माझे आग्रहाचे सांगणे आहे. दर ठरवताना डिझेल आणि चालकाच्या मजुरीशेजारी दुरुस्तीचा तिसरा रकाना मांडा, आणि त्यात आलेला पैसा दुसऱ्या कशालाही लावू नका. तालुक्यातला एक मेकॅनिक वर्षाच्या कराराने बांधून घ्या. त्याला मोबदला मात्र रोख, पुरेसा आणि ठरल्या तारखेला द्या. कृषी खात्यानेही खरेदीच्या अनुदानातला काही भाग पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीसाठी राखून ठेवावा, आणि गटाने दुरुस्तीची नोंदवही दाखवल्याशिवाय नवे यंत्र मंजूर करू नये.